भाऊबीजेच्या पावत्या

व्हिसाच्या सल्लागारानं मला फसवलं, मी माझ्या धाकट्या बहिणीला फसवलं, आणि त्याच्या आणि माझ्या हुशारीत माझी आई फसली. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण गेली दोन वर्षं यातला फक्त पहिला तुकडा मी लोकांना सांगत आलो आहे.

मी अबूधाबीच्या मुसाफ्फा औद्योगिक भागात जुने जनरेटर घेतो, दुरुस्त करून घेतो आणि विकतो. या देशात आलो तो गोदामातला स्टोअरकीपर म्हणून. मालक समोरच्या माणसाशी भाव करायचा आणि मी मागे उभा राहून ऐकायचो. तिथं मी एकच धडा शिकलो. गरज दाखवायची नाही. तुला माल हवाच आहे हे समोरच्याला कळलं की भाव तो ठरवणार. ऑगस्टच्या उन्हात शर्ट पाठीला चिकटलेला असतानाही मी घाई दाखवली नाही. त्या एका धड्यावर धंदा उभा केला, मुलीला चांगल्या शाळेत घातलं, आणि वडील गेल्यावर आईला इकडे मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्या घरी आणलं.

बहीण हॉलंडमध्ये. नोकरीसाठी गेली, तिथंच नागरिक झाली, भारताचा पासपोर्ट परत केला. नवऱ्याशी पटलं नाही, तो वेगळा झाला. ती आणि तिचा मुलगा असे दोघंच राहतात. हा मुलगा आणि माझी मुलगी एकाच महिन्यातले. म्हणजे दोन बाळंतपणं एकदम आली होती. लेकीचं पहिलं बाळंतपण आईनं करायचं ही आपली रीत. पण मी आईचं तिकीट आधी काढलं, व्हिसा आधी पाठवला, आणि आई अबूधाबीला आली. बहिणीनं तिकडच्या थंडीत एकटीनं निभावलं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. आईनं मात्र मनातून काढलं नाही.

एक दिवस भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "मला आता लेकीकडे राहायचंय."

"इथं काय कमी पडतंय?"

"कमी काय पडणार? तू कमी पडू देशील होय? सोळा वर्षं झाली, तिचं बाळंतपण माझ्या अंगावर आहे."

"आता काय बाळंतपण करणार आहेस, मुलगा तिच्यापेक्षा उंच झालाय."

"मग त्याला दोन घास करून घालीन. राहायचंय म्हटलं, पाहुणी म्हणून जायचं नाही."

पाहुणी म्हणून ती दोनदा जाऊन आली होती. तीन महिने झाले की परत. गुडघे सुजून यायचे. डॉक्टर म्हणाले, एकदा कुठं राहायचं ते ठरवा, आजींना असं सारखं इकडून तिकडे नेऊ नका.

बहिणीनं हॉलंडमध्ये चौकशी केली. कळलं ते असं, की त्या देशाच्या नागरिकानं बाहेरून म्हातारी आई आणावी अशी सोयच आता त्यांच्या कायद्यात उरलेली नाही. माणसाच्या हक्कांचा एक करार आहे, युरोपातल्या बऱ्याच देशांनी मिळून केलेला, त्याचं कोर्टही वेगळं. त्यात कुटुंबाला एकत्र राहू द्यावं असं म्हटलंय. पण मूल मोठं झालेलं असेल तर आईलेकीत नेहमीपेक्षा जास्त ओढ आहे हे दाखवावं लागतं. तिचा वकील म्हणाला, तुमची आई मुलाकडे सुखात आहे, हे टिकणार नाही.

"नेहमीपेक्षा जास्त म्हणजे किती?" मी फोनवर ओरडलो. "किलोवर मोजतात काय तिथं माया?"

"दादा, ओरडू नकोस. गंमत ऐक. माझ्या वरच्या मजल्यावर एक बाई राहते. मूळची मोरोक्कोची, पासपोर्ट बेल्जियमचा. तिनं गेल्या वर्षी आपल्या आईला मोरोक्कोहून इथं आणलं. याच गावात. मी इथली नागरिक, मला नाही म्हणतात, आणि ती परकी असून तिला मिळालं."

मी दोन दिवस चिडून होतो. मग खोर फक्कानला एका मालाच्या कामासाठी गेलो आणि बंदराच्या गेटाशी उभा असताना डोक्यात उजेड पडल्यासारखं झालं. तिथं उतरलेला कंटेनर पुढच्या बोटीवर चढणार असेल तर त्याला इथली ड्यूटी लागत नाही. तोच गेटाबाहेर काढला की लागते. माल तोच असतो, मधे फक्त गेट आणि दोन्ही बाजूंना वेगळा कायदा. युरोपाचंही तसंच असणार. देशांचे आपापले कायदे, आणि त्यांच्या वर सगळ्यांनी मिळून केलेला एक कायदा. तो वरचा कायदा घरात बसलेल्याला विचारत नाही. एका देशाचा माणूस दुसऱ्या देशात राहायला गेला की तो त्याच्या पाठीशी उभा राहतो, आणि मग खालच्या देशाला आपलं म्हणणं बाजूला ठेवावं लागतं.

गेटावरूनच फोन लावला. "तू गेट ओलांडलेलंच नाहीस. म्हणून तुला तुझ्या देशाचा कायदा. सरहद्द ओलांड, बेल्जियममध्ये राहा, मग तू त्यांच्यासाठी परकी आणि मोरोक्कोवाली बाई तशी तू."

 मग म्हणाली, "वकीलही हेच म्हणाला. पण मुलाची शाळा आहे, दादा. घर आहे."

"अर्ध्या तासावर तर आहे सरहद्द! आईसाठी एवढं होत नाही?"

हे वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. ती अँटवर्पला राहायला गेली. भाडं जास्त, नोकरीला रोजचा लांबचा प्रवास, मुलाची शाळा सुटली, त्याची फुटबॉलची टीम सुटली. बहिणीनं सामान हलवल्याचा फोटो पाठवला, खोक्यांच्या ढिगावर तो मुलगा बसलेला, कॅमेऱ्याकडे न बघता. मी फोटोखाली उभा अंगठा पाठवून शाबासकी दिली.

आता कागद. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका व्हिसा-सल्लागाराचं ऑफिस होतं, खिडकीतून खाली तळं दिसायचं. माणूस गोड. हिंदीत बोलायचा. "सर, पासपोर्ट यूरोपियन, रहना दूसरे देश में, माँ बुज़ुर्ग. हंड्रेड परसेंट केस है. खलास." फी सांगितली नऊ हजार दिरहॅम. मी मोठ्यानं म्हटलं, "रुपयांत दोन लाखांच्या वर झाले! इतक्यात जनरेटर येतो माझ्याकडे." मी उठलो, तो म्हणाला बसा, मी बसलो नाही. दारापर्यंत गेलो. नेहमीची पद्धत. शेवटी पाच हजारांवर आला. सव्वा लाखाच्या आत आणला म्हणून मी खूष.

त्याच्या छापील यादीत चार कामं होती. तिसरं होतं, सगळ्या कागदांची छाननी. त्यानं विचारलं, "ये निकाल दूँ? पेपर आप खुद देख लेंगे?"

"पंचवीस वर्षं इन्व्हॉइस वाचतोय. माझे कागद मीच बघतो."

त्यानं पेननं रेघ मारली. मी बाजूला सही केली. फायलीत काय लावायचं विचारलं तर तो म्हणाला, "माँ बहन पर डिपेंडेंट है, ये दिखाना है. पैसे की जितनी रसीदें हैं, सब लगा दो." घरी जाताना मी बायकोला फोन करून सांगितलं की चार हजार वाचवले.

आता त्या पावत्यांबद्दल सांगायला हवं. वडील गेल्यापासून बहीण आईच्या औषधांसाठी दर महिन्याला पैसे पाठवायची. अडीचशे युरो. एकही महिना चुकला नाही. आणि मी ते कधी घेतले नाहीत. लेकीच्या पैशांवर आईनं औषध खायचं? आमच्यात आजही म्हातारी माणसं लेकीच्या घरी पाणी प्यायची झाली तर चार वेळा विचार करतात. पण तिच्या तोंडावर नको म्हणायचं तर ती रडणार. म्हणून मी तोड काढली होती. पैसे बाजूला ठेवायचे आणि दिवाळीत भाऊबीजेला वर्षाचे सगळे, त्यावर माझे थोडे घालून, ओवाळणी म्हणून परत पाठवायचे. पैसे पाठवायच्या एक्स्चेंजमधला काउंटरवरचा मुलगा फॉर्ममध्ये पैसे कशासाठी ते विचारायचा. मी म्हणायचो, बहिणीला. तो "फॅमिली सपोर्ट" या चौकोनात खूण करायचा. ओवाळणीला चौकोन नव्हता.

बारा वर्षांच्या त्या पावत्या मी नीट जपलेल्या होत्या. सगळ्या फायलीत लावल्या. तिच्याकडून आलेल्या आणि माझ्याकडून गेलेल्या, दोन्ही. सल्लागार म्हणाला होता, सब लगा दो. पण खरं सांगायचं तर त्यानं सांगितलं नसतं तरी मी लावल्या असत्या. तिकडच्या ऑफिसातल्या माणसाला असं वाटायला नको होतं की हा भाऊ बहिणीच्या पैशांवर आईला पोसतो.

आणखी दोन कागद होते. एक, भारतीय वकिलातीचं जुनं पत्र. इथं आईवडिलांना आपल्या व्हिसावर ठेवायचं तर त्यांना आपल्याशिवाय दुसरा आधार नाही असं लिहून द्यावं लागतं. ते मी दिलेलं होतं, आणि व्हिसाची पूर्ण फाईल म्हणून तेही जोडलं. दुसरा कागद माझं पत्र. त्यात मी लिहिलं की माझी आई माझ्या घरी राणीसारखी राहते, तिला कशालाही कमी नाही, आणि ती तुमच्या देशावर कधी भार होणार नाही. इंग्रजी मुलीकडून तपासून घेतलं. ती म्हणाली, "बाबा, आर यू शुअर?" मी म्हटलं, "भाव करताना गरज दाखवायची नसते. तू शीक."

नकार आला तो बहिणीनं पुढं पाठवला. मुलीनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. आई समोरच बसली होती, वाटीतला भात कालवत.

मुलगी वाचता वाचता थांबली. "बाबा, दे आर सेइंग आजी इज नॉट डिपेंडंट ऑन आत्या."

"मग कोणावर आहे?"

"ऑन यू. यू सेड सो. इन रायटिंग. ट्वाइस." ती पुढं वाचत गेली आणि तिला हसू आलं, मग माझ्याकडे बघून थांबलं. "अँड द मनी... बाबा, अकॉर्डिंग टु दिस, आत्या डिपेंड्स ऑन अस."

आईनं विचारलं, "काय म्हणते ती?"

मी सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं. आईनं भात कालवायचा थांबवला. "म्हणजे तिचे पैसे तू परत पाठवायचास?"

"ओवाळणी होती ती."

"माझ्या औषधाचे होते ते," आई म्हणाली, आणि वाटी सरकवून उठली.

दुसऱ्या दिवशी मी सल्लागाराच्या ऑफिसात. किती बोललो ते आठवत नाही. रिसेप्शनवरची मुलगी उभी राहिली आणि शेजारच्या ऑफिसातली माणसं काचेतून बघू लागली. मी म्हटलं, हंड्रेड परसेंट म्हणाला होतास, पावत्या सगळ्या लाव म्हणाला होतास, उलट बाजूच्या पावत्या आत गेल्या तर केस बुडते हे तुला माहीत नव्हतं? त्यानं शांतपणे कपाटातून माझी यादी काढली. तिसऱ्या कामावर रेघ, शेजारी माझी सही.

"सर, आपने ही तो कटवाया था."

"तुला माहीत होतं की नाही?"

"देखता तो पता चलता, सर. देखने का आपने पैसा ही नहीं दिया."

मी टेबलावर हात आपटला. त्याचा पेनांचा डबा पडला. मग खाली येऊन तळ्याकाठी बसलो. एवढंच मनात येत होतं, की त्याच्या जागी मी असतो तर मीही असंच केलं असतं. गिऱ्हाईकानं भाव पाडला की मीसुद्धा कॉइल न तपासता जनरेटर देतो. पण त्या जनरेटरवर कोणाची आई अवलंबून नसते. आणि तो मला एक वाक्य फुकट सांगू शकला असता. सांगितलं नाही.

बहिणीला फोन केला तेव्हा मी आवाज चढवूनच सुरुवात केली. अपील करू नकोस, आपण भीक मागत नाही, वगैरे. तिनं मला संपवू दिलं.

"दादा, तू कधी माझ्याकडून काही घेतलंच नाहीस."

"भाऊ आहे मी तुझा."

"हो, आणि ती माझी आई आहे. तुला वाटायचं तू मला माहेर देतोयस. मला तेवढ्या अडीचशे युरोंत वाटायचं की मी तिथं आहे, तुमच्या स्वयंपाकघरात, आईच्या गोळ्यांच्या डबीत. ते तू दरवर्षी पाकिटात घालून परत केलंस." मग म्हणाली, "मुलगा विचारतो, आपण इकडे का आलो. काय सांगू?"

 

अँटवर्पच्या वकिलानं रस्ता दाखवला, तोही साधा होता. वरच्या कायद्याला इतकंच बघायचं असतं की आईचा रोजचा खर्च खरोखर कोण भागवतं. आई लेकीवर का अवलंबून आहे, भावाला का जमत नाही, हे विचारायचं नसतं. तेव्हा वर्षभर आईचा खर्च खरंच बहिणीनं करावा, भावानं मधे येऊ नये, आणि मग पुन्हा अर्ज करावा. बहीण म्हणाली, "दादा, एकच कर. काहीही करू नकोस."

वर्षभर मी काही केलं नाही. आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. तिचे पैसे थेट आईच्या खात्यात यायचे. आईची औषधं, फळं, तिच्या डॉक्टरची फी, सगळं त्यातून. आई पावत्या स्वतः डब्यात ठेवायची आणि मला दाखवून म्हणायची, "हे लेकीचं." भाऊबीजेला मी बहिणीला फक्त फोन केला. हात शिवशिवत होते.

मधेच आईच्या इथल्या व्हिसाचं नूतनीकरण आलं. पुन्हा तोच कागद, आईला माझ्याशिवाय आधार नाही. सही केली नाही तर आईला इथं राहता येणार नाही, आणि केली तर तीच सही तिकडच्या फायलीत माझ्याच विरुद्ध उभी राहणार. एकच आई. एका देशाला ती पूर्णपणे माझी हवी होती, दुसऱ्याला पूर्णपणे बहिणीची. मी व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या बाकावर कागद मांडीवर घेऊन बसलो होतो. वकील फोनवर म्हणाला, करा सही, दोन्ही देशांना आम्ही समजावू. मी सही केली. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की भाव करायला समोर कोणी माणूसच नव्हता. दोन कायदे होते, आणि एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती.

अकराव्या महिन्यात आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, बरी झाली, म्हणजे वॉकर धरून खोलीतून हॉलपर्यंत येते. डॉक्टर म्हणाले, आता लांबचं विमान नको. महिने विचारले तर म्हणाले, महिन्यांचा प्रश्न नाही.

फाईल तयार होती. मुलीनं तपासली होती, अगदी छान होती म्हणे. बहीण येऊन राहून गेली, पंधरा दिवस. जाताना आईनं तिच्या मुलासाठी डबा भरून दिला आणि मला सांगितलं, "तिला ओवाळणी घाल." मी घातली. तिनं घेतली. तो मुलगा काही आला नाही. त्याची शाळा होती.

बहीण अँटवर्प सोडून परत हॉलंडला गेली नाही. म्हणते, मुलाला पुन्हा हलवायचं नाही. तिचे पैसे अजून येतात. त्यांचा आता कोणत्याही देशाच्या कोणत्याही ऑफिसात उपयोग नाही. आई ते घेते आणि म्हणते, हे लेकीचं.

त्या सल्लागाराचं ऑफिस अजून तिथंच आहे. कधीमधी त्या बाजूला काम निघतं, तेव्हा मी खालून वर बघतो. कोर्टात जायला माझ्याजवळ काही नाही, रेघेवर माझीच सही आहे. मला त्याच्याकडून एक दिरहॅमही नको. मला एवढंच हवंय की त्यानं एकदा आमच्या घरी यावं. हॉलमध्ये आईच्या वॉकरसमोर दोन खुर्च्या ठेवीन. एकीवर तो बसेल, दुसरीवर मी. मग आई विचारेल, मला लेकीकडे का जाता आलं नाही? माझं उत्तर मी लिहून ठेवलंय, तेच हे. पण आधी त्यानं द्यावं.